यादी मुलाची, अक्षरही मुलाचंच

प्रश्न

कांदिवलीच्या एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा नऊ वर्षांचा, मराठी माध्यमाच्या शाळेत चौथीत. मुलगी सहा वर्षांची, पहिलीत. दोघांची शाळा दुपारची, व्हॅन बाराला येते. आई सकाळी पावणेआठला घर सोडते, त्यामुळे मुलांचं आवरणं आजीकडे. मुलगा रोज काहीतरी विसरतो. कधी पाण्याची बाटली, कधी चित्रकलेची वही, शुक्रवारी पीटीचे बूट. जूनमध्ये आईने कॉम्प्युटरवर २२ कामांचा रंगीत तक्ता तयार केला, लॅमिनेट केला आणि फ्रिजवर लावला. रोज खुणा करायच्या, आठवडाभराच्या सगळ्या खुणा झाल्या की रविवारी आइस्क्रीम. चार दिवस छान चाललं. मग मुलगा सगळ्या खुणा एकदमच करू लागला, आणि आता त्या तक्त्याकडे कोणी बघतही नाही. आई रोज साडेअकराला ऑफिसमधून फोन करून एकेक वस्तू विचारते. सासूबाई म्हणतात, "एवढ्याशा पोराला कसल्या याद्या? आम्ही काय याद्या करून संसार केले?" नवरा म्हणतो, मोबाइलवर एखादं ॲप टाकू. आईने विचारलं आहे : माझा मुलगा वेंधळा आहे का? आणि त्याला यादी पाळायची शिस्त कशी लावू?

उत्तर

ताई,

तुमच्या शेवटच्या वाक्यात 'यादी पाळणं' असे शब्द आहेत. मला आधी तिथेच थांबावंसं वाटतं. आपण नियम पाळतो, पथ्य पाळतो. यादी आपण वापरतो. तुम्ही वाण्याकडे जाताना कागद नेता तो कोणाचा हुकूम म्हणून नव्हे, डोक्याला ताण नको म्हणून. तुमच्या मुलाला फ्रिजवरच्या तक्त्यात असं काही दिसलं नसणार. त्याला तिथे दिसल्या आईच्या बावीस सूचना.

काय काय लागणार आहे ते आठवणं, त्यातलं नेमकं काय निसटतं ते ओळखणं, ते थोडक्या शब्दांत लिहिणं, क्रम लावणं हे सगळं तुम्ही जूनमध्ये एका रात्री बसून उरकलंत. शिकण्यासारखं होतं ते तेवढंच. त्याच्या वाट्याला फक्त खुणा करणं उरलं, आणि खुणांना आइस्क्रीम जोडलं होतं, म्हणून त्याने खुणा केल्या. त्याला खोटारडा ठरवू नका. बक्षीस खुणेला होतं, बाटलीला नव्हतं.

आता 'वेंधळा'. मोठ्या माणसाच्याही डोक्यात एका वेळी चारेक नव्या गोष्टीच नीट राहतात असं स्मरणशक्तीवरचं संशोधन सांगतं. मुलांच्या त्याहून कमी. "डबा घे, बाटली भर, आज पीटी आहे, चित्रकलेची वही टेबलावर आहे, आणि आजीला त्रास देऊ नकोस" ही एका दमातली पाच वाक्यं आहेत. त्यातली दोन गळणारच, आणि बहुतेक वेळा मधली गळतात.

शिवाय यादी कच्च्या माणसाला लागते, हुशार माणसाला लागत नाही, हा समज मुलासमोर राहू देऊ नका. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायोमधल्या राइट फील्डवर बोइंगच्या मॉडेल २९९ या नव्या बॉम्बर विमानाची चाचणी होती. चालवणारा वैमानिक लष्करातला अतिशय अनुभवी. विमान उभं असताना वाऱ्याने शेपटीकडचे भाग हलू नयेत म्हणून एक खीळ लावलेली असते. ती काढायची राहिली. विमान उडालं आणि लगेच कोसळलं. त्यानंतर वैमानिकांसाठी तपासयाद्या तयार झाल्या, आणि आजही तीस वर्षं विमान चालवलेला माणूस ती यादी बघितल्याशिवाय उडत नाही. मुलाला ही गोष्ट जरूर सांगा, नऊ वर्षांच्या मुलांना ती आवडते. पण तिच्यातली एक बारीक गोष्ट तुमच्यासाठी आहे. त्या यादीत विमान कसं चालवायचं ते लिहिलेलं नसतं. जे माहीत असूनही राहून जाऊ शकतं आणि राहिलं तर महागात पडतं, तेवढंच तिच्यात असतं. तुमच्या २२ कामांत 'दात घासणे', 'जेवणे', 'गणवेश घालणे' असणार. गणवेश न घालता तो एकदा तरी शाळेत गेला आहे का? मग ती ओळ कशासाठी? अशा ओळी वाढल्या की डोळा पूर्ण यादीवरूनच घसरतो, आणि पीटीचे बूट त्यातच बुडतात.

सासूबाईंचं म्हणणंही मोडीत काढू नका. त्यांनी याद्या केल्या नाहीत असं नाही, त्यांच्या याद्या वेगळ्या ठिकाणी होत्या. कॅलेंडरच्या चौकोनात दुधाचे खाडे, गॅस लागल्याची तारीख, वाण्याकडची उधारीची वही, लग्नाची यादी. 'यादी पे शादी' हा शब्दप्रयोग त्यांच्याच पिढीतला. 'यादी' हा शब्दच मुळी 'याद', म्हणजे आठवण, यावरून आला आहे. त्यांना मुलाच्या बाजूने यात आणायची एक छान वाट आहे, ती पुढे सांगते.

पहिलं काम : फ्रिजवरचा तक्ता काढा. रागाने नको, मुलाला सांगून काढा. "हा मी केलेला, तो जमला नाही, आता तू कर," एवढं पुरे. मग एक आठवडा काहीही लावू नका. या आठवड्यात जे जे विसरेल ते त्याने रात्री वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचं. ओरडा नाही, व्याख्यान नाही, फक्त नोंद. शनिवारपर्यंत त्या पानावर आठ-दहा नोंदी होतील आणि त्यांतल्या दोन-तीन पुन्हा पुन्हा आलेल्या दिसतील.

रविवारी संध्याकाळी दोघं निवांत बसा. सकाळच्या घाईत यादी करायला बसलात तर ती भांडणात संपते. दप्तर जमिनीवर पूर्ण रिकामं करू द्या. (तळाशी फुटलेले खडू, मागच्या महिन्याची नोटीस आणि एखादी चिंच सापडेल, सापडू दे.) आता विसरलेल्यांचं पान समोर ठेवून विचारा, "यातलं रोज लागतं ते कुठलं, आणि ठरावीक वारी लागतं ते कुठलं?" इथे त्याला पहिल्यांदा कळतं की याद्या दोन आहेत. रोजची एक आणि वारांची एक. वेळापत्रक असूनही मुलं गोंधळतात, कारण वेळापत्रकात 'चित्रकला' असतं, 'चित्रकलेची वही, रंगपेटी, पाण्याला डबी' नसतं. विषयावरून वस्तूपर्यंत जायची ती उडी मुलाला रोज मनातल्या मनात मारावी लागते. ती एकदाच कागदावर मारून टाका.

पोस्टकार्डाएवढा, म्हणजे १४ बाय ९ सेंटिमीटरचा पुठ्ठा घ्या. एका बाजूला रोजच्या पाच ओळी, दुसऱ्या बाजूला सोमवार ते शनिवार, प्रत्येक वारापुढे फक्त त्या दिवसाची जादा वस्तू. अक्षर त्याचं. शुद्धलेखन सुधारू नका, 'बाट्ली' लिहिलं असेल तर राहू द्या, त्याला वाचता आलं की झालं. पाचाच्या वर जायचा आग्रह त्याने धरला तर सात ही शेवटची मर्यादा. जागा कमी पडते म्हणूनच पुठ्ठा लहान घ्यायचा, मोठ्या कागदावर यादी आपोआप फुगते.

ओळ लिहिताना शब्द असा हवा की काम झालं की नाही ते बघून सांगता यावं. 'बाटली' एवढंच लिहिलं तर रिकामी बाटलीही यादीत बसते. 'बाटली भरून बाजूच्या खिशात' लिहिलं की प्रश्न उरत नाही. 'दप्तर नीट भरणे' ही ओळ तर कधीच नको. 'नीट' म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे, त्याला नाही.

या टप्प्यावर बरीच मुलं एक युक्ती काढतात. विसरायला नको म्हणून सगळी पुस्तकं रोज न्यायची. यादीची कटकटच नको. म्हणून यादी करताना 'काय न्यायचं नाही' हेही त्यालाच ठरवू द्या. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावं. तुमचा मुलगा २५ किलोचा असेल तर अडीच किलो. वजनकाट्यावर आधी तो एकटा, मग दप्तरासकट, आणि वजाबाकी त्याची त्याने करायची. ओळ पुसण्यातही मुलांना मोठा आनंद असतो.

आता यादी कुठे? फ्रिजवर नको. फ्रिजपाशी माणूस भुकेने जातो, निघताना जात नाही. यादी तिथे हवी जिथे चुकलेलं अजून दुरुस्त करता येतं आणि जिथून गेल्याशिवाय सुटका नाही. तुमच्या घरात ती जागा दारामागे, चपलांच्या स्टँडशी. त्याला तिथे उभा करा, डोळ्यांच्या रेषेत भिंतीवर पेन्सिलने खूण करा आणि कार्ड तिथे लावा. तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर लावलेली यादी तुम्हीच वाचता.

आणि कधी? जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी आणली. तिच्यात तीन ठरलेले थांबे आहेत : भूल देण्याआधी, पहिली चीर देण्याआधी आणि रुग्णाला ऑपरेशन थिएटरबाहेर नेण्याआधी. त्या क्षणी सगळ्यांनी थांबायचं, यादी बघायची, मगच पुढे. तुमच्या मुलालाही असे दोन थांबे पुरतात. एक रात्री, गृहपाठ संपल्यावर दप्तर भरताना. दुसरा दुपारी, एक बूट पायात आणि दुसरा हातात असताना. वेळ घड्याळाला बांधू नका, 'पावणेबाराला यादी बघ' हे कोणाच्याच लक्षात राहत नाही. 'एक बूट घातला की यादी' हे राहतं, कारण बूट घालणं तो विसरत नाही.

रात्री यादी वाचत वाचत भरायचं, एक ओळ, एक वस्तू. दुपारी मात्र उलटं : भरलेल्या दप्तराला हात लावत ओळी ताडून बघायच्या. मुलं दुसऱ्या वेळी नुसती यादी वाचतात, हात लावत नाहीत, आणि तिथेच बाटली राहते. 'बोट ओळीवर, हात वस्तूवर' ही सवय पहिल्या आठवड्यातच लावून घ्या. रोज खुणा करायच्याच असतील तर कार्ड प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात घालून वर पुसता येणाऱ्या पेनने कराव्यात. घरात जुनी पाटी असेल तर त्याहून चांगलं.

एक यादी बहुतेक घरांत राहूनच जाते, परतीची. पावसाळ्यात शाळेत राहिलेले रेनकोट किती असतात ते कोणत्याही शिपाईकाकांना विचारा. घरून नेलेली वस्तू घरी आणायची यादी घराच्या दारावर लावून उपयोग नाही. दप्तराच्या झाकणाच्या आत चार शब्दांची पट्टी चिकटवा : डबा, बाटली, कंपास, रेनकोट. मुंबईचे डबेवाले वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत. कुठल्या स्टेशनवर उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर ही सगळी आठवण डब्याच्या झाकणावरच रंगवलेली असते, डबा ज्याच्या हातात जाईल त्याला ती तिथेच वाचता येते.

आता सर्वांत अवघड भाग, आणि तो तुमच्याकडे आहे. साडेअकराचा फोन.

तो फोन आहे तोवर तुमच्या मुलाला यादीची गरजच नाही. त्याची यादी रोज साडेअकराला बोलते. दोन्ही चालू ठेवले तर मुलं नेहमी आईचा आवाज निवडतात, कारण त्याला कमी कष्ट लागतात. म्हणून फोन हळूहळू सोडायचा. पहिल्या आठवड्यात फोन करा, पण वस्तूंची नावं घेऊ नका. "यादी बघितलीस का?" एवढं एकच वाक्य. दुसऱ्या आठवड्यात तेही आजींकडे द्या, आणि त्यांनी तोंडाने न सांगता फक्त दाराकडे बोट दाखवायचं. सासूबाईंना हे आधी नीट समजावून सांगा, नाहीतर त्या प्रेमापोटी बाटली स्वतःच भरून ठेवतील. तिसऱ्या आठवड्यात कोणीच काही म्हणायचं नाही. फोन करायचाच असेल तर त्याच्याशी दुसरं काही बोला, तुम्हाला दोघांनाही बरं वाटेल.

या तिसऱ्या आठवड्यात तो विसरेल, आणि तुमच्या पोटात तुटेल. त्याची तयारी आधीच करा. विसरलं तर काय बिघडेल याचे दोन गट पाडा. चित्रकलेची वही, पीटीचे बूट, रंगपेटी विसरली तर बाईंचं बोलणं ऐकावं लागेल. ते ऐकू द्या, वही घेऊन आजींना रिक्षाने पळवू नका. डबा, एखादं रोजचं औषध, परत आल्यावर घर बंद असेल तर किल्ली, या गोष्टी मुलाच्या आठवणीवर सोडायच्या नाहीत. त्या मोठ्यांनी बघायच्या, यादी कितीही पक्की झाली तरी. किती मुलांना हा फरक न करता 'भोगू दे परिणाम' म्हणून उपाशी ठेवलं जातं, ते ऐकून फार वाईट वाटतं. उपाशी पोटी कोणी यादी शिकत नाही.

दप्तराची यादी ही तपासणीची यादी. तिने मूल व्यवस्थित होतं, पण यादी करण्यातली मजा त्याला कळते ती वाणसामानात. माझा आग्रह आहे की दोन्ही एकाच महिन्यात सुरू करा.

शनिवारी त्याला कागद-पेन्सिल देऊन स्वयंपाकघरात पाठवा. 'काय संपलंय?' असं विचारलंत तर तो मोठ्याने "बिस्किटं!" म्हणेल. त्याऐवजी डबे उघडायला सांगा. वरच्या फळीपासून खाली, एकही डबा न गाळता. बोटाने आत किती खोल जावं लागतं ते बघायचं. तळ लागला तर लिही, अर्धा असेल तर सोड. नजरेने घर तपासायचं आणि मग लिहायचं, ही शिस्त इथे आपोआप येते, तुम्हाला ती लावावी लागत नाही.

तो लिहून आणेल : साखर, रवा, पोहे, साबण. ही यादी घेऊन लगेच खाली पाठवू नका. तुम्ही वाणी व्हा, टेबलाच्या पलीकडे बसा आणि विचारा, "रवा कुठला देऊ? बारीक की जाड?" त्याला माहीत नसेल. आजींना विचारून येऊ दे. लाडवाला बारीक, उपम्याला जाड. "पोहे?" कांदेपोह्यांना जाडे, चिवड्याला पातळ. "साबण अंगाचा की कपड्यांचा?" "साखर किती?" अशा पाच मिनिटांत त्याच्या यादीला शेपट्या फुटतात : रवा, जाड, अर्धा किलो. पोहे, जाडे, १ किलो. साबण, अंगाचा, ३ नग. मोहरी १०० ग्रॅम लिहिताना त्याला विचारा, मोहरी किलोभर का नको? कोथिंबीर जुडीने, मिरच्या पावाने, पाव लादीने, अंडी डझनाने. गणिताच्या पुस्तकातली मापं इथे हातात येतात.

मग कागदाला घड्या घालून तीन भाग करा : वाणी, भाजीवाली, बेकरी. प्रत्येक ओळ आपापल्या दुकानाच्या भागात परत लिहायची. दुकानं ज्या क्रमाने लागतात त्या क्रमाने भाग, आणि प्रत्येक भागात जड वस्तू आधी, म्हणजे पिशवीत पाव दबत नाही. हे नुसतं सांगून पटत नाही, एकदा चेपलेला पाव घरी येऊ दे.

दुकानात खूण कधी करायची हे ठरवून पाठवा. वस्तू मागितली की नव्हे, पिशवीत पडली की. वाण्याने "ते देतो, थांब" म्हटलं आणि मुलाने तिथेच खूण केली, की ती वस्तू हमखास काउंटरवर राहते. जे मिळालं नाही त्याला खूण नाही, गोल करायचा. घरी आल्यावर ते गोल पुढच्या यादीच्या डोक्यावर जातात. सुरुवात चार वस्तूंनी करा, दुकान असं निवडा की रस्ता ओलांडावा लागणार नाही, आणि पहिले काही वेळा आजी किंवा बाबा दोन पावलं मागे उभे असावेत. बोलायचं काम मात्र त्याचं.

तरी तो पातळ पोहे आणेल. परत पाठवू नका, चिवडा करा. पुढच्या यादीत 'जाडे' शब्दाखाली त्याने स्वतःच दोन रेघा ओढलेल्या दिसतील.

सासूबाईंची वाट हीच. घरात सत्यनारायण असो की गणपती, गुरुजी सामानाची यादी देतात किंवा सांगतात. विड्याची पानं इतकी, सुपाऱ्या इतक्या, नारळ इतके, प्रत्येकापुढे नग. त्याहून चांगला धडा मला माहीत नाही. यंदा ती यादी आजींनी सांगायची आणि नातवाने लिहायची. आदल्या रात्री सगळं ताटात मांडून दोघांनी ताडून बघायचं. ज्यांनी आयुष्यभर पूजेची तयारी तोंडपाठ केली, त्यांच्या डोक्यातली यादी पहिल्यांदा कागदावर येईल आणि घरात राहील. 'कसल्या याद्या' हा त्यांचा प्रश्न तुम्हाला उत्तर न देता मिटेल.

आता रात्री साडेनऊचं ते वाक्य : "आई, उद्या चार्टपेपर न्यायचाय." पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत, पण चौथीतलं मूल आहे म्हणजे ते तुमच्याही घरात ऐकू येत असणार. यातला दोष आठवणीचा नसतो. शाळेत डायरीत लिहिलेलं घरी येऊन कुठेच पोचत नाही. म्हणून डायरीतली ओळ कॅलेंडरवर न्यायची. बहुतेक मराठी घरांत भिंतीवर कालनिर्णय असतंच, नुसतं त्याच्या हाताला येईल एवढं खाली आणा. शाळेतून आला, खाऊ खाल्ला, की डायरी उघडून 'आणायचं' असं जे काही असेल ते त्या तारखेच्या चौकोनात लिहायचं, आणि दोन दिवस आधीच्या चौकोनात 'विकत' एवढा एक शब्द. चार्टपेपर शुक्रवारी हवा असेल तर बुधवारी 'विकत'. हा मागे मोजायचा हिशेब पहिल्या पाच-सहा वेळा तुमच्यासोबत करावा लागेल, एकट्याला जमत नाही. काम मोठं असेल, समजा शाळेच्या प्रदर्शनासाठी किल्ला करायचा असेल, तर शेवटच्या दिवसापासूनच सुरुवात करा. शनिवारी न्यायचा, म्हणजे शुक्रवारी रंग सुकलेला हवा, म्हणजे गुरुवारी रंगवायचा, म्हणजे माती बुधवारपर्यंत वाळलेली हवी, म्हणजे रविवारी लिंपायची. ती उलटी यादी बघून मुलं चकित होतात, त्यांना वाटलं होतं शुक्रवारी एका संध्याकाळी होईल.

ॲपबद्दल. तुम्हा नवरा-बायकोला घरसामानासाठी ते सोयीचं आहे, जरूर वापरा. नऊ वर्षांच्या मुलासाठी आत्ता नको. निघताना फोन त्याच्या हातात नसतो, आणि असला तर यादीच्या आधी तिथे बरंच काही उघडतं. दारावरचा कागद न उघडता दिसतो. बक्षीसही नको, निदान खुणांना नको. महिनाभर वाणसामानाची यादी त्याने केली तर पुढच्या महिन्यात त्यात दोन ओळी त्याच्या पसंतीच्या, एवढा अधिकार द्या. मुलांना आइस्क्रीमपेक्षा तो मोठा वाटतो.

ताई, एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण प्रत्येक ओळीत दिसते. तुमच्या घराची सगळी आठवण तुमच्या एकटीच्या डोक्यात आहे. लोकलमध्ये उभ्या असतानाही तुम्ही पीटीचे बूट आठवता. मुलगा हे बघतो, आणि आठवण ठेवणं हे आईचं काम आहे असं शिकतो. तुम्ही लावलेल्या कुठल्याही तक्त्यापेक्षा हे शिकणं पक्कं असतं. त्याच्या बाबांचीही एक यादी दारामागे लागू दे, त्याच्याच कार्डाशेजारी : पाकीट, पास, डबा, गॅसचं बटण. बाबा रोज निघताना तिच्यावर बोट ठेवून बघताना मुलाला दिसले पाहिजेत. हे तुमच्या मिस्टरांना वाचून दाखवा.

धाकटीला लिहायला सांगू नका. तिची यादी चित्रांची, तीनच : डबा, बाटली, रुमाल. चित्रं तिने काढायची, ओळखू आली नाहीत तरी चालेल, तिला येतात. पुठ्ठ्याच्या पट्टीवर डावीकडे तीन कपड्यांचे चिमटे लावा. वस्तू दप्तरात गेली की चिमटा उजवीकडे. संध्याकाळी तिन्ही परत डावीकडे नेणं हेही तिचंच काम, नाहीतर दुसऱ्या दिवशी पट्टी आधीच 'झालेली' असते.

कार्ड दर महिन्याच्या पहिल्या रविवारी काढून नवं करायचं. महिनाभर जी वस्तू एकदाही विसरली नाही ती ओळ गळते, नवी विसरलेली आत येते. बदल झाला नाही तर पाचव्या-सहाव्या आठवड्यात कार्ड भिंतीच्या रंगासारखं होतं, डोळ्यांना दिसेनासं.

एवढं सगळं मनापासून दोन-तीन महिने करूनही काही फरक पडला नाही, आणि घरी तसंच शाळेतही, सहा महिन्यांहून जास्त काळ, बरोबरीच्या मुलांपेक्षा बरंच जास्त विसरणं, सुरू केलेलं काम अर्धवट सोडणं, जागेवर न बसणं दिसत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. यादी लिहायलाच त्याला त्रास होत असेल, अक्षरं उलटी होत असतील, फळ्यावरचं उतरवता येत नसेल, तर तेही सांगा. शीवच्या महापालिकेच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेसाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. तुमच्या पत्रावरून मला तशी शंका येत नाही. बाटली, वही, बूट विसरणारी मुलं प्रत्येक वर्गात भरपूर असतात.

पहिल्या काही आठवड्यांत एखाद्या संध्याकाळी तुम्ही दारात चप्पल काढत असाल आणि तो येऊन सांगेल, "आई, आज कंपास राहिला." त्या क्षणी 'मी सांगितलं होतं' हे वाक्य ओठांवर येईल. ते गिळा. "बरं, मग यादीत कुठे लिहूया?" एवढंच विचारा, पेन्सिल त्याच्या हातात द्या आणि तुम्ही चहा ठेवायला जा.